दोन ठिपके

माझे वडील गाडीच्या पोटात हात घालतात तेव्हा डोळे मिटतात. लहानपणी मला वाटायचं, आबांना कामाचा कंटाळा आला की ते उभ्या उभ्या डुलकी काढतात. मी आईला तसं सांगितलंही होतं. आई म्हणाली, "अगं, जिथं दिसतच नाही तिथं डोळे उघडे ठेवून करायचंय काय?" आता मी स्वतः चोवीस वर्षं हेच काम करते आहे, आणि अजून मला डोळे मिटून बोल्ट लावता येत नाही. मिटले की बोल्ट पडतो, आणि तो शोधता शोधता माझी जीभ सुटते.

माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकं आपसात म्हणतात, गाडी पोरीकडं द्यावी आणि गाऱ्हाणं मिस्त्रींकडं न्यावं. पोरगी म्हणजे मी, वय वर्षं शेहेचाळीस. मिस्त्री म्हणजे आबा, वय वर्षं सत्त्याहत्तर. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. घरातला सगळा राग बहुधा माझ्याच वाट्याला आला असावा.

गॅरेज म्हणजे दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी पत्र्याची शेड. मधे उतरून काम करायचा खड्डा. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा पांढऱ्या रंगानं काढलेली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं. आणि कोपऱ्यात आबांची खुर्ची. ती खुर्ची म्हणजे मोडीत निघालेल्या एका गाडीची पुढची सीट, लाकडी पायांवर बसवलेली. तिचा पट्टाही त्यांनी काढलेला नाही. कधीकधी मी चिडले की म्हणते, "आबा, पट्टा लावून बसा आणि हलू नका." ते खरंच लावतात, आणि मग मलाच हसू येतं.

दोन वर्षांपूर्वी आबांचं विसरणं सुरू झालं. आधी वार गेले, मग माणसांची नावं. जेवलो की नाही हेही विचारायला लागले. तोवर आम्ही म्हणत होतो, वय झालं, चालायचंच. पण मागच्या वर्षी त्यांनी एका गाडीची चार चाकं बसवली आणि तीनच आवळली. चौथ्याचे नट नुसते बोटांनी फिरवलेले होते. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत चाक डुगडुगायला लागलं. चालवणारा सावध होता, म्हणून निभावलं. त्या दिवशी माझ्या पायाखालची वाळू सरकली.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. त्या रविवारी आमचं ठरलं की आबांनी यापुढं पाना हातात घ्यायचा नाही, आणि आणखी एक चूक झाली तर त्यांनी गॅरेजात यायचंच नाही. मी हो म्हटलं. घरी म्हणजे कुठं, तर दोन खोल्या आणि एक खिडकी, आणि आई गेल्यापासून त्या खिडकीशी बोलायलाही कुणी नाही. तिथं बसवलं तर आबा किती दिवस उभे राहतील, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

एकच काम मी त्यांच्याकडं ठेवलं होतं. ब्रेकच्या किंवा क्लचच्या नळीतली हवा काढायची असली की एकानं खाली बसून नळीचा बोल्ट सैल करायचा आणि दुसऱ्यानं वर पेडल दाबायचं. मी खालून "दाबा" म्हटलं की दाबायचं, "धरा" म्हटलं की धरून ठेवायचं. त्यात चुकण्यासारखं काही नाही, असं मी समजत होते.

सिस्टरबाईंची गाडी आली ती अशा वेळी. सिस्टरबाई टेकडीपलीकडच्या वस्त्यांमध्ये नर्स आहेत. पंचवीस वर्षं त्यांची गाडी आमच्याकडंच येते, आणि गाडीही तीच आहे. तिचा क्लच पुरता घसरत होता. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मी दोन दिवस खपून गिअरबॉक्स उतरवला, नवा क्लच बसवला, आतल्या झिजलेल्या बारीकसारीक वस्तूही बदलल्या आणि गिअरबॉक्स परत चढवला. आबांनी पेडल दाबलं, मी हवा काढली. मग इंजिन सुरू केलं, क्लच तळापर्यंत दाबला आणि पहिला गिअर टाकला.

गिअर पडेना. नुसती करकर. उलटा टाकला तर त्याहून मोठी करकर, अंगावर काटा येईल अशी. इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. म्हणून गिअरमध्ये ठेवूनच किल्ली फिरवली, तर क्लच दाबलेला असूनही गाडीनं उडी मारली आणि समोरच्या रिकाम्या पिंपाला जाऊन धडकली. सिस्टरबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हिला घाई दिसतेय."

ज्याला गाडीतलं कळत नाही त्याच्यासाठी सांगते. इंजिनाच्या मागं एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याला क्लचची प्लेट घट्ट दाबून धरलेली असते, म्हणून इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सपर्यंत जातं. पेडल दाबलं की ती पकड सुटायला हवी. ती सुटली नाही, तर फिरत्या गिअरात दुसरा गिअर घुसवणं म्हणजे चालू पंख्यात हात घालणं. आमच्या भाषेत, क्लच सुटत नव्हता.

नव्या कामानंतर क्लच सुटत नसला की पहिला संशय नळीतल्या हवेवर. पेडल दाबलं की अर्धी चाल पोकळच जात होती, म्हणजे संशयाला जागाही होती. मी पुन्हा हवा काढली. फरक नाही. तिसऱ्यांदा काढली. पालथ्या घड्यावर पाणी. माझं काम मी डोळ्यांत तेल घालून केलं होतं. प्लेट उलटी बसू नये म्हणून बसवण्याआधी फोटोसुद्धा काढून ठेवला होता. मग उरलं कोण? पेडल दाबणारा.

"आबा, मी धरा म्हटल्यावर तुम्ही पाय उचलता," मी खालूनच ओरडले.

"नाही उचलत."

"उचलता! त्याशिवाय हवा आत जातेय कुठून? एवढं साधं काम, तेही जमत नाही तुम्हाला. उद्यापासून घरी बसा. यायचं नाही इथं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सिस्टरबाईंनी पर्स उघडली आणि उगाच आत बघत राहिल्या. आबा गाडीतून उतरले. हात पुसायच्या कपड्याची त्यांनी चौपदरी घडी केली, ती आपल्या सीटवर ठेवली. मला वाटलं, आता निघाले. पण ते खड्ड्याच्या कडेशी आले आणि म्हणाले, "तू वर जा. मी खाली बघतो. दाब."

वर्षभरात ते खड्ड्यात उतरले नव्हते. अडवायला हवं होतं, पण मघाशी तसं बोलून बसल्यावर कुठल्या तोंडानं अडवणार? मी वर जाऊन गाडीत बसले. खाली त्यांनी काय केलं ते मी नंतर पाहिलं. गिअरबॉक्सच्या बाहेर एक छोटा सिलिंडर असतो. तेलाचा दाब आला की त्याची दांडी पुढं सरकते आणि फोर्कला, म्हणजे एका दुबेळक्या तरफेला, ढकलते, आणि फोर्क आत जाऊन क्लच सोडवतो. आबांनी त्या दांडीवर खडूनं रेघ मारली होती. मी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"दांडी पूर्ण येतेय," ते खालून म्हणाले. "तेल बरोबर आहे, हवा नाही. आता फोर्क हलवून बघ इथं येऊन."

मी उतरून फोर्क बोटांनी हलवला. तो खुळखुळ्यासारखा हलत होता. बरंच अंतर मोकळा जात होता आणि मगच आत कशाला तरी लागत होता. पेडलची अर्धी चाल कुठं वाया जात होती ते मला हाताला कळलं. इतका वेळ मी तेलाच्या मागं लागले होते आणि घोडं पेंड खात होतं भलतीकडंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. दांडी मोजून बघायला दोन मिनिटं लागतात. मी मोजली नव्हती, कारण दोष कुणाचा ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

"लांब दांडी करून घेऊ?" मी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"फोर्क तिरका उभा राहील. तेल पोहोचतंय, फोर्क पोहोचत नाही. आत बघ."

आत बघायचं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा. सिस्टरबाई म्हणाल्या, "मी बसनं जाते. तू मात्र बोलताना जरा दम खात जा, पोरी." एवढं बोलून त्या गेल्या. 

सकाळी मी एकटीच आवरून निघाले, तर आबा दारात चपला घालून उभे. रोजच्यासारखे. मी कालचं काय ते बोलणार, तोच म्हणाले, "चल, उशीर होतोय." मी त्यांच्याकडं बघत राहिले. येऊ नका म्हटलेलं ते विसरले होते. त्यांच्या विसरण्याबद्दल मला पहिल्यांदाच हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"आबा, काल मी चुकले."

"काल काय झालं?"

"तुम्हाला बोलले."

"मग त्यात काय? तू रोजच बोलतेस."

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. त्याचं पुढचं तोंड मोठ्या घंटेसारखं असतं. ते मी बाकावर वर करून ठेवलं. आबा सीटवरून उठून आले. ही गाडी कुणाची, हिला काय झालंय, हे त्यांनी मला पहिल्यापासून विचारलं. काल खडूची रेघ स्वतःच मारली हेही त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितलं. ते वाकले, हात त्या घंटेत घातला आणि डोळे मिटले.

मी बघत होते. त्यांचा अंगठा आतल्या भिंतीवरून हळूहळू सरकत होता. फोर्क ज्या गोळीवर डुलतो तिथं आला, गोळीभोवती फिरला, थोडा बाजूला गेला आणि थांबला. मग परत तेवढ्याच जागेवरून गेला.

"वॉशर कुठंयत?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"कुठले वॉशर?"

"गोळीखालचे. दोन होते."

"दोन कशावरून?"

त्यांनी माझा अंगठा धरला आणि आत नेऊन टेकवला. धातूत दोन बारीक खड्डे होते, अगदी शेजारी शेजारी, टोकदार पंच ठोकून मारलेले. मी ते पाहिले होते! परवा तो भाग घासून लख्ख केला तेव्हा ते दिसलेही होते. मला वाटलं होतं, कारखान्यातलं काहीतरी असेल.

"फ्लायव्हील लेथवर घासून घेतलंय," आबा म्हणाले. "पातळ झालंय ते. पातळ झालं की क्लच तेवढा लांब जातो, फोर्क पोहोचत नाही. म्हणून गोळी उचलायची. दोन ठिपके, दोन वॉशर."

 झिजली म्हणून ती गोळी मी बदलली होती. जुनी काढली तेव्हा तिच्याखाली काळं पडलेलं काहीतरी चिकटलं होतं. मी पार्टचं पुस्तक काढून चित्र पाहिलं. चित्रात गोळीखाली काहीही नव्हतं. "कुण्या अडाण्यानं घातलंय कोण जाणे," असं मी मोठ्यानं म्हटलं होतं आणि ते भंगाराच्या डब्यात टाकलं होतं. अडाणी तेव्हा चार हातांवर सीटवर बसून चहा पीत होता.

मी डबा जमिनीवर उपडा केला. दोन गुडघ्यांवर बसून बोल्ट, पत्रे, तुटके स्प्रिंग चाचपले. सापडलं. नखानं खरवडलं तर एकाचे दोन झाले. दोन पातळ वॉशर, ग्रीसनं एकमेकांना चिकटलेले.

"आबा, या गाडीचं काम तुम्ही केलं होतं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. इतका वेळ की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"आठवत नाही," ते म्हणाले. "पण ठिपके मारलेत मीच."

"मारायचे कशाला पण?"

"पुढच्या माणसाला कळायला नको? पुस्तकात थोडंच असतं हे."

"मग मला का नाही सांगितलंत कधी?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "उघडलं की दिसतंच ना."

 गिअरबॉक्सच्या पोटात, जिथं गिऱ्हाइकाची नजर जन्मात जाणार नाही, तिथं या माणसानं कुणासाठी तरी निरोप ठेवला होता. कुणासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं. तो माणूस कधी येईल, येईल तरी का, हेही नाही. आणि इतक्या वर्षांनी तो उघडणारा माणूस निघाले मी, त्यांचीच मुलगी, आणि मला तो वाचता आला नाही. वाचला त्यांनीच, स्वतः ठेवल्याचं विसरून गेल्यावर. मी त्यांच्याबरोबर चोवीस वर्षं एका छपराखाली काम केलं आणि मला वाटत होतं, या माणसाची मला इत्थंभूत माहिती आहे.

वॉशर धुतले, गोळीखाली घातले, गिअरबॉक्स चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरबाई आल्या तेव्हा आम्ही हवा काढत होतो. मी खाली, आबा वर. "दाबा" म्हटलं की दाबत होते, "धरा" म्हटलं की धरत होते. पाय एकदाही उचलला नाही. पहिल्या दिवशीही उचलला नसणार.

इंजिन सुरू केलं. क्लच दाबला. पहिला गिअर पडला तो आवाजही न करता. मग उलटा. मी इंजिन चालू ठेवून चारदा टाकला, चारदा काढला. गरज नव्हती, पण ऐकत राहावंसं वाटत होतं.

सिस्टरबाईंना मी विचारलं, "ही आधी कधी उघडली होती हो?"

"अगं, मला ही घेऊन वर्षही झालं नव्हतं. वस्तीवरच्या चढावर क्लच जळला होता. मिस्त्री म्हणाले होते, आतलं चाक घासून घ्यावं लागेल. तू तेव्हा नव्हतीस कामाला." मग आबांकडं वळून त्या म्हणाल्या, "आठवतं का, मिस्त्री?"

"हो तर," आबा हसून म्हणाले. त्यांना काही आठवत नव्हतं. सिस्टरबाईंना बरं वाटावं म्हणून म्हणाले.

रविवारी भावाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोहोचली देव जाणे. "क्लचच्या कामात आबांकडून चूक झाली म्हणे? मग, यायचं नाही म्हणून सांगितलंस का त्यांना?"

"चूक माझी होती," मी म्हटलं. "ते येणार गॅरेजात. चालता येतंय तोवर येणार. चालता येईना तर मी सीटसकट उचलून आणेन." तो काहीतरी म्हणणार होता, पण माझ्यापुढं त्याचं कधी काही चाललंय?

तेव्हापासून जुनी गाडी उघडली की मी आधी घासत नाही. आधी अंगठा फिरवते. एका ब्रेकच्या ड्रममागं तीन ठिपके सापडले आणि खाली एक आडवी रेघ. आबांचा अंगठा नेऊन टेकवला, तर म्हणाले, "बोल्टचे आटे कच्चे आहेत, जोर लावू नको." एका गाडीच्या पंपाखाली एकच ठिपका, वर्तुळात. "हा पंप दुसऱ्या गाडीचा आहे. पुस्तकावर जाऊ नको." भंगारवाल्याकडं एका सांगाड्यात डोकं घातलं तर तिथंही होते. रस्त्यावरून जुनी गाडी गेली की आता मला वाटतं, हिच्या आत कुठं असतील? गावातल्या निम्म्या गाड्या या माणसाचं लिहिणं पोटात घेऊन फिरताहेत आणि चालवणाऱ्यांना पत्ता नाही. मी सगळ्या खुणा एका वहीत उतरवून घेते आहे. काहींचा अर्थ आता त्यांनाही लागत नाही. तिथं मी जागा कोरी ठेवते.

कधी कधी ते मला आईच्या नावानं हाक मारतात. मी ओ देते.

मीही ठिपके मारायला लागले आहे. पहिले वाकडे आले. पंच एका टोल्यात मारायचा असतो आणि माझा हात पडतो जड. गेल्या आठवड्यात एक गाडी परत आली. सहा महिन्यांपूर्वी मी तिचं चाकाचं काम केलं होतं आणि आतल्या बाजूला एक ठिपका ठेवला होता. मी चाक उतरवलं. आबा सीटवरून उठून आले, हात आत घातला, डोळे मिटले. अंगठा फिरत फिरत थांबला.

"इथं कुणीतरी लिहून ठेवलंय," ते म्हणाले.



त्यांनी अंगठा पुन्हा एकदा फिरवला. "खोल गेलाय. माणूस रागीट दिसतोय." मग जरा थांबून मान हलवली. "पण पुढच्याचा विचार आहे त्याला. हात बरा आहे."

मग त्यांनी मागं न बघता हात पुढं केला, आणि मी त्यांच्या हातात पाना दिला.